हळकुंडाचा स्टँड

श्रावणातली सकाळ होती. पाऊस थांबून थांबून पडत होता. स्वयंपाकघराच्या ओट्याला लागून असलेल्या टेबलावर मी लाकडी फळी मांडून बसले होते, फळीच्या खाचेत विजेवर तापणारी निक्रोमची तार ताणलेली. आदल्या दिवशी वाकवलेल्या अ‍ॅक्रेलिकच्या पट्टीचा एक कोन चुकला होता. काटकोन हवा होता, पण वरचा भाग जरा जास्तच आत झुकला होता. घडी पुन्हा तापवायची आणि दहा अंश मागं ढकलायची, एवढंच काम. पट्टी तारेवर टेकणांच्या आधारानं ठेवली आणि तेवढ्यात दूधवाल्यानं बेल वाजवली. पातेलं भरून परत आले तर पट्टीचा उभा भाग खाली येत होता. घाई नाही, धक्का नाही. घड्याळाचा काटा सरकताना दिसत नाही पण सरकलेला असतो, तसा. मी पातेलं हातात धरून उभी राहिले. माझ्या डोळ्यांदेखत घडी उलगडत गेली आणि जिथं कोपरा होता तिथं जवळजवळ सपाट, स्वच्छ पट्टी उरली. कडेला बोट फिरवलं तर हलकासा उंचवटा लागत होता, इतकंच. मागून आई कधी आली होती कळलं नाही. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "त्याला गं कुणी सांगितलं सरळ व्हायला?"

अठ्ठावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या बाईला उत्तर देता यायला हवं होतं. मी दूध तापायला ठेवलं.

हा सगळा खटाटोप एका हळकुंडासाठी चालला होता. एका म्हणजे दोन तुकड्यांच्या. मधोमध मोडलेलं, बोटाएवढं, जुनं राजापुरी हळकुंड. बाहेरून मातकट, मोडलेल्या जागी गडद नारिंगी. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, टेबलाच्या खणात ते वर्षानुवर्षं वर्तमानपत्राच्या कागदात होतं. लहानपणी मी ते कितीदा उघडून वास घेऊन परत गुंडाळून ठेवलं असेल. ते तिथं का आहे हे कधी विचारलं नाही. घरात पिना, किल्ल्या, पाकिटं असतात तसंच तेही. त्याची किंमत मला कळली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गावभागातल्या आमच्या गल्लीत ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा निघायची वेळ आली. मी कागदपत्रं, बँकेची पुस्तकं, आईच्या गोळ्या पिशवीत कोंबत होते. आईनं एक स्टीलचा छोटा डबा काखेत धरला होता. मला वाटलं लाडूबिडू असतील. बोटीतून उतरून विश्रामबागेतल्या नातेवाइकांकडं पोचलो, ओल्या साड्या बदलल्या, चहा झाला, आणि मग तिनं डबा उघडून बघितलं. आत कागदात गुंडाळलेलं हळकुंड. कोरडं होतं. तिनं झाकण लावलं आणि डबा उशाशी घेऊन झोपली.

तेव्हापासून ते डब्यातच राहिलं. घर धुतलं, रंगवलं, पण खणात ते परत गेलं नाही, कारण खणच राहिला नव्हता. या वर्षी आषाढात मी फळ्या आवरताना तो डबा पुन्हा हाताला लागला आणि मनात आलं, हे असं अंधारात का असावं? दिसेल असं ठेवू. दुकानांतून फिरले तर देवाच्या मूर्तींचे चौरंग, मोबाइलचे स्टँड, घड्याळांचे स्टँड, सगळं मिळत होतं. बोटभर हळकुंडाला बसेल असं काही नव्हतं. लाकडी डबीत ठेवलं असतं तर ते देव्हाऱ्यातलं काहीतरी वाटलं असतं. मला त्याच्याभोवती काहीच नको होतं. नुसतं ते दिसावं.

अण्णा मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीचा हंगाम सुरू झाला की त्यांचा सदरा, बोटांच्या पेरांच्या घड्या, कानामागची जागा, सगळं पिवळं. शाळेत माझ्या वह्यांच्या कोपऱ्यांवरही त्यांच्या अंगठ्याचे ठसे असायचे. हळद ओळखायची त्यांची रीत म्हणजे आवाज. पोत्यातून एक हळकुंड उचलायचं, कानाजवळ न्यायचं आणि मोडायचं. नीट शिजलेलं, नीट वाळलेलं हळकुंड धातूसारखा कडक आवाज देतं, मोडलेली जागा स्वच्छ दिसते. ओल राहिली असेल तर आवाज बसका येतो, हळकुंड मोडायच्या आधी किंचित वाकतं. काहिलीत उकडताना घाई केली, किंवा उन्हात पंधरवडा वाळवायच्या ऐवजी आठ दिवसांत पोती भरली, तर ते त्यांना मोडतानाच कळायचं. "हे अजून वाकतंय बघ," असं म्हणून ते हळकुंड माझ्या हातात द्यायचे. मला कधीच वाकलेलं दिसायचं नाही. त्यांच्या बोटांना कळायचं.

एकदा ते मला सायकलवरून हरिपूरला घेऊन गेले होते. मी चौथीत असेन. कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात तिथलं संगमेश्वराचं देऊळ बघायचं म्हणून मी निघाले होते, त्यांना एक पेव उघडताना हजर राहायचं होतं. जमिनीत विहिरीसारखं खोल, वर मात्र माणूस कसाबसा उतरेल एवढंच तोंड. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं राहायची, तिला कीड लागायची नाही, रंग उलट चढायचा. तोंडावरची माती काढली, झाकण उचललं आणि सगळे बाजूला सरकले. आत जायची कुणालाच घाई नव्हती. बऱ्याच वेळानं एकानं दोरीला कंदील बांधून खाली सोडला. कंदील विझला की आत अजून श्वास घेण्याजोगी हवा नाही. तो विझला. वर ओढला, पुन्हा वाट बघितली. दुसऱ्यांदा तो खाली गेला आणि जळत राहिला. आत ढिगाच्या पिवळ्या अंधारात तो इवलासा उजेड मी वाकून बघत होते आणि अण्णांनी माझ्या फ्रॉकचा मागचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता. पुढं पुराचं पाणी शिरलं, शीतगृहं आली आणि पेवं मागं पडली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अण्णा नव्हते. असते तर त्यांनी बातमी दोनदा वाचून, घडी करून ठेवली असती.

खणातलं हळकुंड त्या पेवातलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. मला ते तिथलंच वाटतं.

अ‍ॅक्रेलिकची शीट मी एका बोर्डवाल्याकडून आणली. त्याच्याकडं दुकानांची नावं कापून उरलेले तुकडे टोपलीत पडलेले असतात. तीन एमएमचे, काही पाच एमएमचे, वर तपकिरी कागद चिकटलेले. "क्लिअर पाहिजे? कास्टची घ्या ताई, वाकवायला ती बरी," तो म्हणाला. कास्ट म्हणजे दोन काचांच्या मध्ये पातळ रस ओतून, तो तिथंच घट्ट होऊ देऊन तयार केलेली शीट. दुसरी असते ती यंत्रातून दाबून लांबच लांब काढलेली. ती लवकर मऊ पडते पण तापवल्यावर एका दिशेनं आखडते. "कागद शेवटपर्यंत काढू नका, चरा पडतो," असंही त्यानं बजावलं. त्याच्या हाताच्या बोटांवर बारीक बारीक चरे होते.

कापायचं कटर आकड्यासारखं वाकड्या टोकाचं असतं. पोलादी पट्टी घट्ट धरून त्या आकड्यानं एकाच रेषेवर आठ-दहा वेळा ओढायचं. प्रत्येक वेळी पांढरा, मेणासारखा बारीक काप निघतो. निम्म्यापर्यंत खाच गेली की ती रेषा टेबलाच्या कडेवर आणायची, एका हातानं शीट दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं बाहेरचा भाग एका झटक्यात खाली. पहिल्यांदा मी भीत भीत दाबलं, शीट वाकली आणि वेडीवाकडी फुटली. दुसऱ्यांदा मन घट्ट करून झटका दिला. टक्. एकच कोरडा, स्वच्छ आवाज. मी तुकडा हातात घेऊन तशीच उभी राहिले. हा आवाज मला फार जुना, फार जवळचा होता. आतल्या खोलीतून आई म्हणाली, "काय मोडलं गं?" आणि मग जरा थांबून, "हळकुंडागत वाजलं."

मला हवा असलेला आकार साधा होता. सहा सेंटीमीटर रुंदीची एकच पट्टी. आठ सेंटीमीटर टेबलावर बैठक, तिथून नऊ सेंटीमीटर सरळ वर, वर पुन्हा पुढं वळून पाच सेंटीमीटरची फळी आणि फळीच्या टोकाला दीड सेंटीमीटरचा काठ, हळकुंड घरंगळू नये म्हणून. बैठक आणि फळी दोन्ही एकाच बाजूला, म्हणजे तोल पुढं जात नाही. बाजूनं बघितलं तर ताठ पाठीनं बसून ओंजळ पुढं केलेल्या माणसासारखं दिसतं. तीन घड्या, बाकी काही नाही. जोड नाही, स्क्रू नाही, क्लोरोफॉर्म लावून चिकटवणं नाही.

तापवायला मी शाळेच्या निर्लेखित सामानातून रीतसर विकत घेतलेला बॅटरी एलिमिनेटर वापरला. निक्रोमच्या तारेशी माझा जुना संबंध. निकेल आणि क्रोमियमचा हा मिश्रधातू लाल होईपर्यंत तापला तरी हवेत जळून जात नाही. १९०६ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना त्याचं पेटंट मिळालं आणि त्यानंतरच्या विजेच्या शेगड्या, इस्त्र्या, टोस्टर बहुतेक याच तारेवर उभे राहिले. ती तार घरच्या २३० व्होल्टला थेट जोडणं म्हणजे जिवाशी खेळ. एलिमिनेटरच्या कमी व्होल्टच्या खाचेवर हातभर तारेला लागते तेवढी ऊब येते. तार तापली की लांबते आणि लोंबते, म्हणून एका टोकाला मी छोटी स्प्रिंग बांधली. खाचेत पत्र्याची पट्टी घातली, लाकूड करपू नये म्हणून. शीट तारेला टेकू द्यायची नाही. मध्ये बोटाच्या निम्म्या जाडीएवढी हवा हवीच. खिडक्या उघड्या, पंखा बाहेर तोंड करून. तापलेल्या अ‍ॅक्रेलिकला गोडसर, डोक्यात चढणारा वास येतो आणि तो बंद खोलीत घेऊ नये.

पहिली पट्टी तर बिघडलीच. घडीच्या रेषेवर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे बारीक बुडबुडे आले, रांगेनं, आतल्या आत. खूप वेळ मला वाटत राहिलं, तार फार तापली. तेही खरं होतं, पण सगळं नव्हतं. अ‍ॅक्रेलिक हवेतली ओल पितं. काचेसारखं दिसतं म्हणून आपण ते कोरडं धरतो. श्रावणात सांगलीच्या हवेत चार दिवस उघडं ठेवलेलं अ‍ॅक्रेलिक एकदम तापवलं की ती ओल वाफ होऊन आतच अडकते. अण्णांनी ती पट्टी बघितली असती तर काय म्हणाले असते ते मला ऐकूच आलं. ओला माल भरलाय. मग मी पुढच्या पट्ट्या कागद काढून केकच्या छोट्या ओव्हनमध्ये ८० अंशांवर सकाळभर वाळवल्या. आईला हे सगळ्यात जास्त पटलं. अ‍ॅक्रेलिक काय, तार काय, यातलं तिला काही विचारायचं नव्हतं. पण वाळवल्याशिवाय पुढं जायचं नाही हे तिनं लगेच मान्य केलं आणि दर तासाला ओव्हनच्या काचेतून डोकावून गेली.

वाकवण्याचा क्षण मात्र मला लिहून सांगता येईल की नाही, माहीत नाही. शंभराच्या थोडं वर गेलं की अ‍ॅक्रेलिकचं काचेपण सुटायला लागतं, दीडशेच्या आसपास ते चामड्यासारखं होतं. पण थर्मामीटर लावून हे कळत नाही. एक बाजू तापवायची, उलटायची, दुसरी तापवायची, पुन्हा उलटायची. सुरुवातीला काहीच होत नाही. हातानं हलकेच उचलून बघितलं तर पट्टी ताठ. इथं दाबलं की संपलं, तडा जातो. मिनिटं जातात. मग तारेच्या वरच्या रेषेत पलीकडचं सगळं किंचित थरथरल्यासारखं दिसतं, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसतं तसं. आणि पट्टीचं लोंबतं टोक स्वतःच्याच वजनानं केसभर खाली येतं. तेव्हा उचलायची, तापलेली बाजू बाहेर ठेवून सुताराच्या गुण्याला लावून वाकवायची. जोर लागतच नाही. इतका कमी लागतो की पहिल्यांदा मी घाबरून हात सोडले. मग तशीच धरून ठेवायची, मनात साठ म्हणायचे, शंभर म्हणायचे. हातमोज्यातून बोटांना ऊब लागत असते आणि ती हळूहळू ओसरते. ओसरली की पुन्हा काच.

आणि मग ती श्रावणातली सकाळ. उलगडलेली पट्टी मी फेकली नाही. मनात शंका होती की ती वजनानंच पडली असणार. शंका आली की प्रयोग करून बघायचा, ही सवय नोकरी संपली म्हणून जात नाही. मी एक चिंचोळी पट्टी सगळीच ओव्हनमध्ये मऊ केली आणि हातमोजे घालून तिला पीळ दिला, दोन पूर्ण वेढे, जिलबीच्या कडेसारखे. थंड झाल्यावर ती कडक, चकचकीत, दागिन्यासारखी दिसत होती. वजनानं पडायचं असेल तर पडेल, पण पीळ काही वजनानं उलटा फिरायचा नाही. ती पुन्हा ओव्हनमध्ये ठेवली, १६० अंशांवर, आणि आम्ही दोघी काचेसमोर खुर्च्या टाकून बसलो. पाच मिनिटं काही नाही. मग एक टोक हललं. नागाच्या पिलासारखी ती पट्टी सावकाश फिरली, एक वेढा सुटला, थांबली, दुसरा सुटला. शेवटी ताटलीत सरळ पट्टी पडून होती. आई म्हणाली, "सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात. ह्याचा बघ, ऊब लागली की गेला."

कारण मला सांगता येतं. अ‍ॅक्रेलिकच्या आत लांबच लांब साखळ्यांचा गुंता असतो, सुतळीच्या गुंडीसारखा. कास्ट शीटमध्ये या साखळ्या फारच लांब. आपण वाकवतो तेव्हा त्या एकमेकींवरून घसरून नव्या जागी बसत नाहीत. त्या नुसत्या ताणल्या जातात आणि थंडी त्यांना त्या ताणात धरून ठेवते. घडी म्हणजे धरून ठेवलेला ताण. पुन्हा ऊब मिळाली की साखळ्या मोकळ्या होतात आणि पहिल्या जागी जातात, त्या दोन काचांच्या मध्ये होत्या तिथं. हे मी आईला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे वाकलेलं दिसतं, पण वाकलेलं नसतं," ती म्हणाली आणि भाजी चिरायला गेली.

तिच्या त्या वाक्यानं माझी झोप गेली. मला एक संक्रांत आठवत राहिली. अण्णा गेले त्यानंतरची पहिलीच. वहिनी पुण्याहून आली होती, तिनं हौसेनं बायका बोलावल्या होत्या. बाहेरच्या खोलीत तिळगूळ, हसणं, बांगड्या. आई आतल्या खोलीत वाणाच्या पिशव्या भरून देत होती. कुणीतरी नवीन सून हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन चुकून आतपर्यंत आली आणि रीतीप्रमाणं तो आईपुढं धरला. आईचा उजवा हात उठला. अनामिका पुढं झाली, करंड्याच्या कडेपर्यंत गेली. पन्नास वर्षांची सवय. मग तो हात तिथूनच वळला आणि तिनं पदर नीट केला, जणू तेवढ्यासाठीच उचलला होता. त्या मुलीला काही कळलं नाही. मला दिसलं. मी त्या वेळी काही बोलले नाही आणि नंतरही नाही, आणि हे न बोलणं मला आजही बोचतं.

हेरवाड आमच्यापासून लांब नाही, शिरोळ तालुक्यात. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवांच्या बाबतीतल्या प्रथा, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, बंद करायचा ठराव केला आणि तो सगळ्या महाराष्ट्रात गाजला. मी ती बातमी आईला मोठ्यानं वाचून दाखवली. वाचताना माझाच आवाज भरून आला. ती लसूण सोलत होती. "चांगलं केलं," म्हणाली. "पुढच्या पोरींना तरी." पुढच्या संक्रांतीला मी मुद्दाम करंडा घेऊन तिच्यापुढं गेले. तिनं माझ्याकडं बघितलं, करंड्याकडं बघितलं आणि माझ्या कपाळावर कुंकू लावलं. स्वतःला नाही. "राहू दे आता," म्हणाली. मी रागावले, तिच्यावर नाही, पण कुणावर ते मला ठरवता येईना. रोज सकाळी फोडणीला हळद घालणारी तिची बोटं पिवळी असतात. आमच्या घरात आयुष्यभर हळदीचीच भाकरी खाल्ली गेली. आणि कपाळाला लावायची चिमूटभर हळद तेवढी तिच्याकडून काढून घेतली गेली, इतकी मुकाट्यानं की घेतली कुणी हेसुद्धा दाखवता येत नाही.

हळकुंड कुठलं, कधीचं, याचा काही धागा लागेल म्हणून मी अण्णांच्या वरच्या फडताळात पुरातून वाचलेल्या डायऱ्या काढल्या. हळदीबद्दल भाव होते, पोत्यांचे आकडे होते, हमालांना दिलेली उचल होती. त्या हळकुंडाबद्दल एक ओळ नव्हती. पण १९९८ च्या डायरीत एक पान निघालं. वर अण्णांच्या वळणदार अक्षरात, "सौ.चा उजवा डोळा. मिरज." खाली मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेला छोटा छापील स्टिकर चिकटवलेला. भिंगाचा नंबर, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात पीएमएमए. मी ते दोनदा वाचलं. पॉलिमिथिल मेथाक्रिलेट. ओव्हनमध्ये सकाळभर वाळत होतं तेच.

दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या चालकांवरची पारदर्शक छतं अ‍ॅक्रेलिकची असत. गोळ्या लागून ती फुटली की त्यांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. लंडनच्या हॅरॉल्ड रिडली या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं की हे कण डोळ्यात राहिले तरी डोळा सुजत नाही, त्यांना परकं मानून बाहेर ढकलत नाही. त्यावरून त्यांनी डोळ्यात बसवायचं भिंग याच पदार्थाचं करायचं ठरवलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये ते पहिल्यांदा एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. त्या काळी अनेक जाणत्या डॉक्टरांचा त्याला कडाडून विरोध होता. आता घडी घालून बारीक चिरेतून आत सोडता येणारी मऊ भिंगं आली आहेत. आईचं जुनं, ताठ आहे. डोळ्यावरची पट्टी काढली त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा काय बघितलं असेल तर अण्णांचा हात. "तुमची नखं अजून पिवळी आहेत," असं ती म्हणाली होती आणि अण्णा लाजले होते, हे मला चांगलं आठवतं. इतकी वर्षं ती त्या तुकड्यातून बघते आहे. कृष्णेचा पूर, अण्णांचं जाणं, उलगडणारी पट्टी, सगळं.

भाद्रपद असाच गेला. गणपतीत टेबल आवरावं लागलं. नवरात्र संपल्यावर हवा कोरडी झाली आणि मी पुन्हा बसले. या वेळी कडा आधीच घासून घेतल्या, कारण घडी पडल्यावर कोपऱ्यात हात जात नाही. चारशेचा पॉलिश पेपर, मग आठशेचा, मग बाराशेचा, पाण्यात बुडवून, एकाच दिशेनं. शेवटी ब्रासो आणि मऊ फडकं. पांढुरकी कड हळूहळू निवळते आणि एका क्षणी तिच्यातून पलीकडचं दिसायला लागतं. त्यात दोन दुपारी गेल्या. घड्या एका दुपारी झाल्या, तिन्ही, आणि कोन गुण्याला लागून बसले. बोर्डवाल्यानं एक गोष्ट सांगून ठेवली होती, की पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर घ्यायचं नाही. मी एका टाकाऊ घडीवर सॅनिटायझरचा थेंब टाकून बघितला. काही वेळात घडीच्या पोटात केसाएवढ्या भेगांचं जाळं उमटलं, खडीसाखरेत दिसतं तसं. ताण धरून बसलेल्या जागीच ते पोचतं. सपाट भागाला काही झालं नाही.

स्टँड मी पश्चिमेच्या खिडकीत ठेवला आणि हळकुंडाचे दोन्ही तुकडे फळीवर, मोडलेल्या बाजू समोर करून. आईला काही सांगितलं नाही. संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून आली, कुंड्यांना पाणी घालायला खिडकीशी गेली आणि थबकली. तिच्या त्या डोळ्याला आता कडा नीट दिसत नाहीत, त्यामुळं स्टँड तिला दिसलाच नाही. तिला हवेत थांबलेलं हळकुंड दिसलं. मागून तिरपं ऊन येत होतं आणि मोडलेली जागा पेटल्यासारखी नारिंगी झाली होती. "अगं बाई," ती म्हणाली, "हे अधांतरी कसं काय राहिलंय?" आणि चाचपून बघायला तिनं हात पुढं केला. अनामिकाच पुढं झाली. ती आधी फळीच्या काठाला लागली, मग घडीला. तिनं घडीवरून बोट फिरवलं, वरून खाली, सावकाश, आणि मग हळकुंडाला हात न लावताच मागं घेतलं. नुकतीच आमटीला फोडणी देऊन आली होती ती. घडीवर एक पिवळा ठसा उमटला. बोटाच्या रेषा मोजता येतील इतका स्पष्ट.

मी विचारलं, "आई, अण्णांनी हे का ठेवलं होतं?"

ती कुंडीत पाणी घालत होती. "मीच मोडलं होतं ते," म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदा दुकानावर गेले तेव्हा. मला म्हणाले, मोडून दाखव, आवाज कसा येतो बघू." तांब्या रिकामा झाला तरी ती तो तिरपा धरून उभी होती. "चांगला आला होता."

दुसऱ्या दिवशी मी फडकं घेऊन स्टँडपाशी गेले. स्पिरिट चालत नाही, पण साबणाच्या पाण्यानं ठसा गेला असता. मी पुसला नाही. मग दुपारी ऊन खिडकीत आलं, ऑक्टोबरचं, थेट, आणि मला आठवलं की हळदीचा डाग उन्हात उडतो. पिवळी झालेली साडी आई दोरीवर उन्हात टाकायची ती त्यासाठीच. मी स्टँड दोन्ही हातांनी उचलला आणि आत जिन्याखालच्या कोनाड्यात नेऊन ठेवला.

"तिथं अंधारात कशाला ठेवलंस?" आईनं विचारलं.

"इथं ऊन येत नाही," मी म्हटलं.